उदयनगरची समाधी आणि नेत्तुनोची मारिया

अस्थी जपून ठेवणं माळव्याला नवं नाही. सांची परिसरातल्या स्तूपांमधून १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांनी सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्या अस्थी बाहेर काढल्या. त्या इंग्लंडला गेल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात परत आल्या. बौद्ध त्यांना ‘धातू’ म्हणतात, कॅथलिक ‘पवित्र अवशेष’ म्हणतात. कॅथलिकांची जुनी प्रतवारी अशी: संताचं शरीर किंवा अस्थी पहिल्या वर्गात, वापरातल्या वस्तू दुसऱ्या, आणि अवशेषांना नुसतं टेकवलेलं कापड तिसऱ्या. पूजा देवाचीच, अवशेषांना फक्त मान. विकायला तर चर्चच्या कायद्यानंच बंदी आहे.

इंदूरजवळचे असे अवशेष सिस्टर राणी मारिया यांचे. जन्म १९५४, केरळ. १९९२ पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला. आदिवासींचे बचत गट बांधले, तशी सावकारी दुखावली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करताना त्यांना भोसकून मारण्यात आलं. वय ४१. नोव्हेंबर २०१६ मध्ये अस्थी कबरीतून काढून उदयनगरच्या चर्चमध्ये ठेवल्या गेल्या आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, त्यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं. संतपदाच्या अलीकडची ही पायरी.

आता एक लहान मुलगी आठवते. मारिया गोरेत्ती, इटलीतल्या गरीब शेतमजुराची पोर. जुलै १९०२ मध्ये शेजारच्या विशीतल्या तरुणानं, अलेस्सांद्रो सेरेनेल्लीनं, तिला भोसकलं. दुसऱ्या दिवशी नेत्तुनोच्या दवाखान्यात, त्याला माफ करून, ती गेली. वय ११. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून तो सुटला, तिच्या आईपुढे गेला, आणि आईनंही माफ केलं. १९५० साली मारिया संत झाली तेव्हा आई तिथे हजर होती. नेत्तुनोला वेदीखाली काचेआड एक मुलगी निजलेली दिसते. पुष्कळांना तो न कुजलेला देह वाटतो. ती मूर्ती आहे, अस्थी तिच्या आत आहेत.

लहान मुलांना संतपद देताना एक अडचण असे: एवढ्याशा वयात ‘असामान्य सद्गुण’ दाखवायचे कसे? हुतात्म्याला ती अट नाही. गोरेत्ती त्या वाटेनं आली. हुतात्मा नसलेल्या मुलांमध्ये पहिली फातिमाची फ्रान्सिस्को आणि जासिंता ही भावंडं. त्यांना संतपद मिळालं १३ मे २०१७ ला, म्हणजे इंदूरच्या सोहळ्याच्या सहा महिने आधी. राणी मारियाही हुतात्म्याच्याच वाटेनं आल्या, म्हणून ‘धन्य’ होण्यासाठी चमत्कार सिद्ध करावा लागला नाही. संतपदाला मात्र लागेल.

गोरेत्तीची भक्ती तिच्या ‘पावित्र्या’भोवती फार फिरवली गेली असं मला वाटतं. मोठी गोष्ट माफीची होती. आपल्याकडे ती नीट दिसते. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी यांनी, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंहला राखी बांधली. घरच्यांनीच दयेची विनंती केली आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळला जाऊन आईला भेटला, तर त्या माउलीनं त्याचे हात हातात घेऊन चुंबन घेतलं. ज्या हातांनी लेक गेली, तेच हात.

चर्चच्या कागदात हे श्रद्धेसाठीचं हौतात्म्य आहे. उदयनगरच्या इतिहासात ते कर्ज, सावकार आणि आदिवासी यांचंही प्रकरण आहे. अभ्यासकानं दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात, एकीनं दुसरी पुसू नये.