सेक्शनमध्ये उभी चाळ

मराठी पुस्तकांतलं आधुनिक रेखाचित्र जे. जे. स्कूलमधून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. १९४७चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, त्याचे पाठीराखे ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, ही वंशावळ सगळ्यांना पाठ आहे. रंगापुरती ती मला मान्य. रेषेचं कूळ मात्र मी इंजिनियरच्या ड्रॉइंग बोर्डावर शोधतो.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७–२०१६) पेशाने सिव्हिल इंजिनियर, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. 'न्यू यॉर्कर'चा व्यंगचित्रकार सॉल स्टाइनबर्गही ड्रॉइंग बोर्डावरूनच आलेला, जन्माने रुमानियन. १९४० साली मिलानमध्ये त्याने आर्किटेक्चरची पदवी घेतली. 'द आर्ट ऑफ लिव्हिंग' या त्याच्या १९४९च्या पुस्तकात एक चित्र आहे. इमारतीची दर्शनी भिंतच काढून टाकलीय आणि खोल्याखोल्यांतले संसार एकदम उघडे पडलेत. इंजिनियर याला सेक्शन म्हणतात. पुढे जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने त्यातून अख्खी कादंबरी उभी केली, तीही १९७८ साली.

गिरगावकराला ती भिंत काढावी लागत नाही. गॅलरीत चालत गेलं की दारादारातून बिऱ्हाडं दिसतातच. मौजने 'बटाट्याची चाळ' १९५८ सालीच काढली आणि तिला चित्रं लाभली ती सरवट्यांची. परदेशी व्यंगचित्रकारांवर 'परकी चलन' लिहिणाऱ्या सरवट्यांच्या नजरेतून स्टाइनबर्गचं ते चित्र सुटलं असेल, हे मला पटत नाही.

यावर छापखान्यातली मंडळी वेगळंच कारण देतात: जस्ताचा लाइन ब्लॉक स्वस्त, आणि खरखरीत कागदावर हाफटोनचे ठिपके बुजतात, म्हणून नुसत्या रेषेची चित्रं आली. रेषा का आली, ते यातून कळतं. पण लाइन ब्लॉक दीनानाथ दलालांच्या चित्रांचेही होत, आणि त्यांची रेषा शेवटपर्यंत कुंचल्याचीच राहिली, जाड-बारीक, लयदार. सरवट्यांची रेषा पेनाची, कोरडी, माणसालाही भिंतीइतक्याच तटस्थपणे कापणारी. ती ब्लॉकमेकरकडून आलेली नाही.

आज गिरगाव-लालबागच्या चाळींची संगणकावर केलेली पोस्टरं निघतात. सपाट रंग, ओळीने खिडक्या, पन्नासच्या दशकातल्या जाहिरातींचा थाट. मला ती आवडतात, पण त्यांत बहुतेकदा एलेव्हेशनच असतं, म्हणजे नुसती दर्शनी बाजू. दारं मिटलेली असतात. आत कोण भांडतंय, कोण पेटी वाजवतंय, ते दिसत नाही.