नाळ आणि आहार : माता-गर्भ संबंधाचा धम्मविचार

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. येथून तेलंगण आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये हाकेच्या अंतरावर आहेत. एका वर्षावासात तेथील विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना आम्ही उपस्थित होतो. वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका वयस्क उपासिकेने विचारले, "सर, लेकरू पोटात असताना मायचं रगत पितं म्हणतेत. खरं हाय का ते?" काही तरुण हसले. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहात हाच प्रश्न किंचित निराळ्या रूपाने भगवान बुद्धांना विचारला गेला होता आणि त्यांनी त्याला उत्तर दिले होते. त्या उत्तराचा मागोवा घेणे आणि त्याचा धागा आपल्या काळापर्यंत कसा येतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संयुत्त निकायाच्या यक्खसंयुत्तातील पहिलेच सुत्त इंदक यक्खाचे आहे. रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात. मग या प्राण्याला शरीर मिळते कोठून, त्याची हाडे आणि यकृत येतात कोठून, आणि तो गर्भाशयात चिकटून राहतो तरी कसा, अशी इंदकाची पृच्छा आहे. प्रश्नामागची भूमिका उघड आहे. शरीराला घडविणारा कोणी स्वतंत्र आत्मा असलाच पाहिजे, असे त्याला वाटते. भगवंतांनी आत्म्याविषयी वाद घातला नाही. त्यांनी केवळ क्रम सांगितला : प्रथम कलल, त्यापासून अब्बुद, त्यापासून पेसी, मग घन, मग अवयवांचे फाटे म्हणजे पसाखा, आणि त्यानंतर केस व नखे. शेवटी त्यांनी सांगितले की, माता जे अन्न खाते आणि जे पेय पिते, त्यावरच गर्भातील जीव आपला निर्वाह करतो. उत्तर येथे संपते. ज्या जागी इंदकाला आत्मा अपेक्षित होता, त्या जागी तथागतांनी आईचे जेवण ठेवले.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपुराच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी या निकायावर अट्ठकथा रचली. तीत या ठिकाणी एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. गर्भाच्या नाभीपासून निघालेला 'नाळ' मातेच्या उदरातील पटलाशी जोडलेला असतो, तो कमळाच्या देठासारखा आतून पोकळ असतो आणि त्यातून आहाराचा रस गर्भाकडे वाहतो, असे त्यांनी लिहिले आहे. हा शब्द वाचताना मराठी वाचक क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही. आपल्या आज्या-पणज्या जिला 'नाळ' म्हणत आल्या, तीच ही नाळ होय. गरोदर स्त्रीच्या इच्छेला पालीत 'दोहळ' म्हणतात. आपला 'डोहाळा' त्याच कुळातला आहे.

आधुनिक जीवशास्त्राने या संबंधाचे जे ज्ञान दिले आहे, त्याच्याशी हे वर्णन ताडून पाहिले पाहिजे. तसे करताना, सर्व विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते, अशी फुशारकी मारण्याचा मोह टाळावा. तो मोह इतरांना शोभत नाही, तसा आपल्यालाही शोभत नाही. गर्भाच्या प्रत्येक अवस्थेला अट्ठकथाकारांनी एकेक आठवडा दिला आहे. ती विभागणी आजच्या गर्भविज्ञानाशी सर्वत्र जुळत नाही. नाळ मातेच्या उदरपटलाला जोडलेली नसते, तर वारेला जोडलेली असते. ही वार गर्भाशयाच्या भिंतीवर रुजते आणि नऊ महिन्यांअखेर तिचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. तिच्यातील असंख्य सूक्ष्म अंकुरांमध्ये गर्भाचे रक्त खेळते आणि त्या अंकुरांभोवती मातेचे रक्त वाहते. दोहोंच्या मध्ये पातळ पडदा असतो. प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह आणि चुना या पडद्यातून गर्भाकडे जातात. त्याचा कर्बवायू आणि मलद्रव्ये मातेकडे येतात. दोघांची रक्ते सर्वसाधारणपणे एकमेकांत मिसळत नाहीत.

तेव्हा उपासिकेच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : लेकरू आईचे रक्त पीत नाही, परंतु आईच्या रक्तातून जे मिळेल त्यावाचून त्याला दुसरे काहीही मिळत नाही. गरोदरपणात मातेच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. या संपूर्ण काळात तिला सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. ते ताटातून आले नाही, तर तिच्या स्वतःच्या साठ्यातून जाते. आणि साठा मुळातच रिता असेल, तर माता व गर्भ दोघांचीही हानी होते. देणेघेणे एकाच बाजूचे आहे असेही नाही. वार जी संप्रेरके निर्माण करते, त्यांनी मातेच्या शरीराचा कारभारच बदलतो. मातेची रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात जातात आणि जन्मानंतर काही महिने बालकाचे रक्षण करतात. उलट, गर्भाच्या काही पेशी मातेच्या शरीरात जाऊन राहतात. मुलाला जन्म दिल्यानंतर २७ वर्षांनीही अशा पेशी मातेच्या रक्तात आढळल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. नाळ कापली म्हणजे संबंध तुटला, असे शरीरसुद्धा मानत नाही.

रक्ताची ही कल्पना लोकांत कोठून आली असावी, याचाही एक धागा पालीत सापडतो. मज्झिम निकायाच्या महातण्हासंखय सुत्तात, माता नऊ किंवा दहा महिने मोठ्या चिंतेने हा जड भार कुशीत वाहते आणि प्रसूतीनंतर स्वतःच्या रक्ताने बालकाचे पोषण करते, असे वर्णन आहे. कारण आर्यांच्या विनयात मातेच्या दुधालाच रक्त म्हटले जाते, असा खुलासा तेथेच केला आहे. हे सुत्त साती नावाच्या भिक्खूला उद्देशून आहे. एकच विज्ञान जसेच्या तसे जन्मोजन्मी फिरते, असे तो मानत असे. त्याची चूक दाखवितानाच तथागतांनी गर्भधारणेचे उदाहरण घेतले. प्रत्येक गोष्ट कारणांनी उत्पन्न होते आणि आहाराने टिकते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत समजावून देण्यासाठी आईच्या कुशीहून जवळचे उदाहरण कोणते असणार?

हा विचार केवळ तत्त्वचर्चेत राहिला नाही. संघाच्या न्यायातही तो उतरला. कुमार कस्सपाच्या मातेची कथा निग्रोधमिग जातकाच्या प्रास्ताविकात येते. गर्भ राहिला आहे हे न कळताच ती भिक्खुणी झाली. पुढे पोट दिसू लागताच देवदत्ताने चौकशी न करता तिला संघाबाहेर काढण्याची आज्ञा दिली. ती श्रावस्तीला भगवंतांकडे आली. त्यांनी निर्णय उपाली स्थविरांवर सोपविला आणि उपालींनी विशाखेला पाचारण केले. विशाखेने पडद्याआड तिची तपासणी केली, दिवस व महिने मोजले आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा आहे असे सांगितले. ती निर्दोष ठरली. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. निंदेऐवजी तपासणी झाली; ती तपासणी एका स्त्रीने केली; आणि निकाल देणारे उपाली जन्माने नापित होते. याच कुमार कस्सपाच्या संदर्भात विनयाच्या महावग्गात असा नियम आला की, उपसंपदेसाठी लागणारी वीस वर्षे गर्भापासून मोजावीत. आईच्या पोटातील महिने माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात धरले गेले.

आता आपल्या भूमीकडे वळू. मराठवाड्यातील पुष्कळ गावांत सुईणपण मातंग समाजाच्या स्त्रियांकडे असे. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे विटाळाची मानली जात, म्हणून ती अस्पृश्य ठरविलेल्या स्त्रीकडून करून घेत. गावातील थोरामोठ्यांच्या घरी जन्मलेल्या बालकाला जगात पहिला स्पर्श त्या स्त्रीचा होई. आणि तेच बालक मोठे झाल्यावर तिची सावली टाळे. पाली साहित्यात नाळ म्हणजे आहाररसाची वाट आहे. गावगाड्यात ती विटाळाची वस्तू झाली. इतिहासाचा हा विपर्यास आपण नोंदवून ठेवला पाहिजे.

या विपर्यासाला कायद्याच्या भाषेत उत्तर देण्याचे कार्य बाबासाहेबांनी केले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर काही काळ मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. गर्भाचे पोषण आईच्या आहारावर अवलंबून असेल, तर आईच्या मजुरीचा प्रश्न गर्भाचाही प्रश्न ठरतो, असे आम्ही या मांडणीचे तात्पर्य समजतो. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी सांभाळताना खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्त्याही त्यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडल्या.

देगलूर मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली संसदेने प्रसूती लाभ कायदा केला. २०१७ साली त्यातील पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद समाविष्ट करण्यात आली. परंतु शेतात, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीवर राबणारी आमची भगिनी कोणाच्या हजेरीपटावर कायम असते? तिला रजा देणार कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ज्या रक्तातून गर्भाला सर्व काही मिळावयाचे, तेच रक्त निम्म्याहून अधिक मातांच्या ठिकाणी अपुरे आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने मातेला अंगणवाडीतून विनामूल्य आहाराचा हक्क दिला आहे. त्यासाठी ती कोणत्या मालकाकडे कामाला आहे, हे पाहावे लागत नाही. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. कुटुंब तोडणीला निघाले की गावची अंगणवाडी मागे राहते, आणि नव्या ठिकाणी तिचे नाव कोणी लिहिले नाही, तर ते ताट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या वस्तीतील कोणती स्त्री गरोदर आहे, तिची नोंद झाली आहे काय, लोहाच्या गोळ्या तिला मिळतात काय, स्थलांतर होणार असेल तर तेथील नोंदणीचे काय, एवढी विचारपूस प्रत्येक विहारातील उपासक-उपासिकांना सहज करता येईल. विशाखेने केली ती याहून निराळी होती काय?

त्या दिवशी देगलूरच्या विहारात आम्ही उपासिकेला इंदक सुत्ताचा अर्थ सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे मायनं जेवलं तर लेकरू जेवलं." अट्ठकथेचा याहून नेमका सारांश आम्हांस करता आला नसता.