न आलेल्यांची यादी

दवाखान्यात आज किती पेशंट आले, हे केसपेपर मोजले की कळतं. पण ज्या आल्याच नाहीत, त्यांची मोजणी कोण करणार? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, पन्नास वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं. त्याची माहिती आज सांगते.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं. दोघंही वेल्लोरला डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. दवाखान्याला गर्दी होतीच. पण जुलाब, गोवर, धनुर्वात, अवघड बाळंतपण यांनी माणसं घरातच दगावत होती. 1971च्या आसपास त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत जात. सगळ्या लशी मिळालेलं मूल शंभरात एकही सापडत नसे.

आधी त्यांनी गावात नर्स पाठवून पाहिल्या. त्या परक्या गावात टिकेनात, बायाही त्यांच्याशी मोकळ्या होईनात. मग ठरलं, गावानेच आपली एक बाई निवडावी. निवडल्या गेलेल्यांत अनेक जणी दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन तेच इतर बायांना शिकवायच्या.

अक्षरओळख नव्हती, पण गाव तोंडपाठ होतं. कोणाला दिवस गेलेत, कोणाचं पोर वाळत चाललंय, कोण अंगावरचा चट्टा पदराआड लपवतंय, हे त्यांना घरोघर जाऊन ठाऊक असे. दवाखान्याची गाडी गावात आली की आधी कोणाकडे जायचं, ते त्या सांगत. शेवटच्या घराचं नाव त्यांच्याकडून सुटत नसे, कारण पुष्कळ वेळा ते घर त्यांचंच असे.

1976पर्यंत बालमृत्यू हजारी 52वर आले, आणि 1990च्या दशकात तिशीच्या खाली. हे एकट्या औषधांनी झालं नाही. पिण्याचं पाणी, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं यांचाही त्यात वाटा होता. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 साली सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं, आणि साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक आशाताई आली. गावातल्या बाईवर भरवसा ठेवायचा, हा विचार जामखेडने कितीतरी आधी करून दाखवला होता.

आज आशाताईकडे लसीची ड्यू लिस्ट असते, तिशीपुढच्यांच्या बीपी-शुगर तपासणीची यादी असते. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता निघतो आणि यादीतली नावं गावाबाहेर जातात. बाळाचा डोस चुकतो, सासूबाईंची बीपीची गोळी बंद पडते. आशाताई एकटी, गाव मोठं. तिने तरी कुठे कुठे पुरावं?

मैत्रिणींनो, आपल्या गटात दहा-बारा घरं असतात. हप्ता न भरणारीची आपण लगेच चौकशी करतो. तशीच चौकशी तपासणी चुकलेलीचीही करूया. महिन्याच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. बचतीचा हिशोब झाला की एवढंच विचारा : या महिन्यात कोण राहिलं? नाव निघालं, तर त्या घरी कोण जाणार, ते उठायच्या आधी ठरवा. कोयत्यावर निघालेल्या बाईच्या पिशवीत बाळाचं लसीचं कार्ड आणि घरच्यांच्या गोळ्या आहेत ना, तेही पाहा.