पडद्यावरील विद्युत् आणि मुळशीचे पाणी

नाटक पाहून घरी परतणारा मनुष्य कथेचा शेवट मनाशी घेऊन परततो. चित्रमालिकेचा भाग पाहून परतणारा मनुष्य मात्र एक प्रश्न घेऊन येतो, आणि तो प्रश्न पुढील खेळापर्यंत त्यास स्वस्थ बसू देत नाही. या अस्वस्थतेतूनच साधा प्रेक्षक चाहता बनतो. आज शास्त्रीय अद्भुतकथांच्या चित्रपटमाला जगभर पाहिल्या जातात; परंतु अशा मालांचे वेड माणसास प्रथम कसे लागले, याचा शोध घेऊ गेल्यास त्याची मुळे शंभर वर्षांहून जुनी असल्याचे दिसते. त्यातील एक मूळ सह्याद्रीच्या कुशीतील मुळशीपर्यंत येऊन पोहोचते.

महाराष्ट्रात या आवडीची मशागत चित्रपटाआधी छापील पानांनी केली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली सुरू केलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० सालापासून ‘चंद्रलोकाची सफर’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या १८६५ सालच्या कादंबरीचा तो मराठी अवतार होता. तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघण्याची ती कथा. पुराणांतील विमानांची सवय असलेल्या वाचकास आकाशगमनाचे नवल नव्हते. नवल होते ते हिशेबाचे. तोफ किती लांब, गोळ्याचा वेग किती, अंतर किती, हे सारे गणिताने मांडलेले! मंत्राची जागा गणिताने घेतली, आणि पुढील अंकाची वाट पाहण्याचे शिक्षण वाचकास घरबसल्या मिळाले.

चित्रपट त्यापूर्वीच मुंबईत येऊन ठेपला होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. पुढे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे बी रुजून त्याचे रोप होईपर्यंतची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसे चित्र तयार केले. अनेक दिवसांची वाढ डोळ्यांसमोर काही क्षणांत घडलेली पाहून भांडवल पुरविणाऱ्याची खात्री पटली आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. पौराणिक चित्रपटाची पायरी अशा रीतीने एका शास्त्रीय नवलाने घातली गेली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. १९१५ साली पुण्यात मंडईजवळ गंगाधरपंत पाठक यांचे ‘आर्यन’ चित्रगृह सुरू झाले, आणि चित्रपट ही शहरवासीयांच्या नित्याच्या करमणुकीची बाब होऊ लागली.

पहिल्या महायुद्धाच्या त्याच काळात अमेरिकन चित्रमालिका हिंदुस्थानात आल्या. त्यांत ‘द एक्स्प्लॉइट्स ऑफ एलेन’ ही मालिका विशेष गाजली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेत तिचा आरंभ झाला. पहिल्या मालिकेचे चौदा भाग. तिला जोडून निघालेल्या दोन मालिकांचे दहा आणि बारा. असे एकूण छत्तीस भाग. पर्ल व्हाइट ही नटी नायिका एलेनचे काम करी. तिच्या पित्याचा खून करणारा एक बुरखाधारी खलपुरुष, आणि त्याचा पाठलाग करणारा क्रेग केनेडी नावाचा शास्त्रज्ञ गुप्तहेर, असा हा सामना होता. केनेडीचे शस्त्र तलवार नव्हे, प्रयोगशाळा! नवव्या भागाचे नावच ‘मृत्युकिरण’, तर दहाव्याचे ‘जीवनप्रवाह’. या दहाव्या भागात गतप्राण झालेल्या एलेनला केनेडी विद्युत्प्रवाहाने पुन्हा सजीव करतो.

मूकपटांत भाषेची अडचण फारशी नसे. मधली अक्षरे ज्यास वाचता येत, तो शेजाऱ्यास अर्थ सांगे. वीजप्रवाहाने जिवंत झालेली मुलगी डोळे उघडते, हे समजण्यास तर कोणाच्या मदतीची गरज नव्हती. परंतु केवळ नवलाने चाहता होत नाही. जादूगाराचे खेळ पाहूनही लोक चकित होतात आणि घरी जाऊन विसरतात. येथे पडद्यावरील नवल प्रेक्षकाच्या दारापर्यंत येऊन पोहोचले होते. मुंबईत ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावत होती. १९१५ सालापासून खोपोलीच्या टाटा वीजगृहातील वीज मुंबईच्या गिरण्या चालवू लागली. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तारेतून वाहत येऊन मुंबईत चाक फिरवितो, ही गोष्ट केनेडीच्या प्रयोगांहून कमी अद्भुत नव्हती. पडद्यावर पाहिलेले उद्या खरे होईल, या भरवशाने प्रेक्षक मालिकेस बांधला गेला.

त्या भरवशाची किंमत दुसरीकडे मोजली जात होती. खोपोलीनंतर टाटा कंपनीने मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरविले. पूर्वेस वाहणारे पाणी अडवावे, सह्याद्रीतून पश्चिमेस वळवावे, आणि दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून कोकणात भिरा येथे सोडून त्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, अशी ती योजना होती. कल्पना अशी भव्य की व्हर्नच्या कादंबरीत शोभावी. पण त्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावे आणि मावळ्यांची आंबेमोहोर पिकविणारी भातखाचरे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे पुढे सेनापती बापट म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. हेच बापट तरुणपणी यंत्रविद्या शिकण्यासाठी एडिंबरोस गेले होते. यंत्राचे अज्ञान हे त्यांच्या विरोधाचे कारण म्हणता येणार नाही. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तुरुंगवास सोसला. पण सरकारने जमीन संपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. धरण बांधले गेले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

शहरात ज्या विद्युत्प्रवाहाने एलेन जिवंत होताना लोक टाळ्या वाजवीत, त्याच शक्तीसाठी एका खोऱ्यातील घरे पाण्याखाली गेली. चित्रमालिकेत प्रत्येक संकटातून नायिकेची सुटका पुढील भागात होई. मुळशीकरांच्या कथेस तसा पुढील भाग लाभला नाही.

देशी चित्रपटांनी या मालिकांतून काय घेतले, हेही पाहण्यासारखे आहे. जमशेद वाडिया यांस पाश्चात्य साहसपटांचा मोठा शौक होता. १९३५ सालच्या त्यांच्या कंपनीच्या ‘हंटरवाली’त नाडियाच्या रूपाने पर्ल व्हाइटचा वारसा अवतरला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. घोडा, चाबूक, उडी, पाठलाग हे सर्व आले. प्रयोगशाळा मात्र मागे राहिली, आणि तिच्याबरोबर विज्ञानाविषयीचे कुतूहलही.

ते कुतूहल धरून ठेवणारे चाहते कसे असतात, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत पुढे दिसले. ८ सप्टेंबर १९६६ रोजी तेथील दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी वार्ता पसरताच जॉन आणि ब्जो ट्रिंबल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. लाखाच्या घरात पत्रे गेली. कॅलिफोर्नियातील विद्यार्थी मशाली घेऊन एन. बी. सी. कंपनीच्या दारी गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका पुढे चालणार असल्याचे कंपनीस जाहीर करावे लागले. १९६९ साली ती थांबली, तरी पुनःप्रक्षेपणांतून नवे चाहते मिळत गेले. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या त्यांच्या मेळाव्यास काहीशेंची अपेक्षा असता तीन हजारांहून अधिक लोक जमले. मालिकेवरील पहिला चित्रपट आला तो १९७९ साली. चित्रपटमालेचे चाहते असे चित्रपटाच्या आधीच तयार झाले होते. केवळ वाट न पाहता आपले म्हणणे ऐकविण्याचा अधिकार त्यांनी मिळविला होता.

महाराष्ट्रातही वाचकास लेखणी हाती घेण्याची संधी मिळाली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा भरविल्या. १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव धारण करणारे गृहस्थ म्हणजे प्रख्यात शास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचा भार पडू नये म्हणून त्यांनी नावाची आद्याक्षरे उलटी फिरविली होती. ‘चंद्रलोकाची सफर’ वाचणाऱ्या पिढीस परदेशी कल्पनेवर समाधान मानावे लागले होते. आता कल्पना आणि शास्त्र दोन्ही मराठीतच नांदू लागली.

चाहतेपणाचा हा प्रवास वाट पाहण्यापासून प्रश्न विचारण्यापर्यंत झालेला आहे. एलेनच्या प्रेक्षकाचा प्रश्न एवढाच असे, की पुढे काय होणार? स्टार ट्रेकच्या चाहत्याने विचारले, हे बंद करण्याचा निर्णय तुम्ही एकटे कसे घेता? तिसरा एक प्रश्न १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी उघड्या माळावर विचारला होता: हे नवल घडेल, पण कोणाच्या शेतावर? शास्त्रीय अद्भुताचा खरा चाहता तोच, जो पडद्यावरील दिव्याकडे पाहताना हा तिसरा प्रश्नही मनात जागा ठेवतो. मुळशीच्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी ओसरू लागते, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर अद्याप दिले गेलेले नाही, याची जाणीव पाहणाऱ्यास झाल्यावाचून राहत नाही.