लेकराला सावली, आईच्या पायाला आधार

बांधकामावरची सुरक्षितता म्हटलं की आपल्याला पिवळं हेल्मेट आठवतं. पण पाटी वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, चुंबळ असते. तिच्या सुरक्षिततेचा विचार कसा सुरू झाला, ते आज पाहू.

साल १९६९. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चाललं होतं. आया ओझी वाहत होत्या, लेकरं तिथंच धुळीत, उन्हात होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिलं आणि कामावरच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. काम जिथं जाईल, तिथं पाळणाघर जायचं. पुढे मुंबई-पुण्यातही ते सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, ही तर मुलांची सोय. पण पाटी घेऊन शिडी चढणाऱ्या आईचं अर्धं लक्ष वाळूच्या ढिगाजवळच्या लेकराकडे असेल, तर पाय घसरायला कितीसा वेळ? तिची पाटी पडली तर खालच्या गड्यालाही लागते. म्हणून बाईची सोय झाली की सगळ्यांचाच धोका कमी होतो.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बाया मोठ्या संख्येनं सरकारी कामांवर आल्या. खडी फोडली, रस्ते आणि पाझर तलाव बांधले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. या योजनेत पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाळणाघर या कामावरच्याच सोयी ठरल्या.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी देशाचा कायदा आला. पन्नासपेक्षा जास्त बाया असतील, तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं त्यात म्हटलं. पण ज्या कामावर पंधरा-वीसच बाया, त्यांचं काय? २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं हिशोब बदलला. सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिलाही मजुरी द्यायची.

पन्नास बायांवरून पाच लेकरांपर्यंत यायला इतकी वर्षं लागली. कायदा आकड्यावर चालतो. जी मोजलीच गेली नाही, ती त्याला दिसत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा: गावात चालू असलेल्या कामावर किती जणी जातात आणि त्यांची किती लेकरं सोबत असतात, ते वहीत लिहा. मागणी करायला तोच आकडा हाती लागेल.