ओव्हल मैदान परिसराचे वास्तुछायाचित्रण

मुंबईतील ओव्हल मैदान हे जुन्या व नव्या नगरवास्तूंमधील विरोध टिपण्यासाठी छायाचित्रकारांच्या पसंतीचे ठिकाण आहे. मैदानाच्या पूर्वेस मुंबई उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ व राजाबाई टॉवर या १९व्या शतकातील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू, तर पश्चिमेस १९३०च्या दशकापासून भरावाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही समूहांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मुख्य अडचण प्रकाशाची आहे. आर्ट डेको इमारतींचे मैदानाकडील दर्शनी भाग सकाळी, तर गॉथिक वास्तूंचे दुपारनंतर उजळतात; दोन्ही बाजू एकाच वेळी सारख्या उजेडात मिळत नाहीत. कॅमेरा वर कलवल्यास मनोऱ्याच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकवटतात, म्हणून मागे सरकून तो समपातळीत धरतात.

मैदानातून राजाबाई टॉवरच्या मागे मुंबई शेअर बाजाराची उत्तुंग इमारत दिसते. दूरवरून टेलिफोटो भिंगाने टिपल्यास दोन्ही एकमेकींना खेटून असल्याचा भास होतो. असे चित्र आकर्षक खरे. परंतु नव्या बांधकामाचा वारसास्थळाच्या दृश्यावर होणारा परिणाम तपासताना ते दिशाभूल करते. त्यामुळे दस्तऐवजी छायाचित्रासोबत भिंगाचे नाभीय अंतर व टिपण्याची जागा नोंदवणे आवश्यक ठरते.