ग्रंथावाचून टिकलेली स्मृती : कोकणातील बेने इस्रायल

१/ सोलापुरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत अनेक पिढ्यांनंतरही तेलुगू बोलली जाते. स्थलांतरित समाज आपली ओळख बहुधा भाषेत जपतो. परंतु ज्याची भाषा गेली, ग्रंथ गेले आणि शिकवणारेही उरले नाहीत, त्या समाजाची स्मृती कशात राहते? याचे उत्तर महाराष्ट्रातील बेने इस्रायल ज्यूंच्या इतिहासात सापडते.

२/ त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. घटनेच्या काळाविषयी एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि मराठी झाले. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याच गावांची.

३/ हिब्रू विस्मरणात गेली, आचार मात्र राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले आणि पर असलेलीच मासळी चाले. प्रार्थनांपैकी ‘शेमा’ तेवढी मुखी उरली. जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी तीच म्हटली जाई.

४/ सणांची हिब्रू नावेही लोपली आणि त्यांची जागा घरगुती मराठी नावांनी घेतली : बिरड्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या, दिवसांत आंबट द्रवाचे मडके आठ दिवस झाकून ठेवीत. आंबवलेले वर्ज्य करण्याच्या मूळ नियमाची ती खूण होती. कारण विसरले, कृती उरली.

५/ येथेच अडचण होती. पेसाहच्या रात्री मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेची कथा मुलांना सांगणे हे ज्यू परंपरेत कर्तव्य मानले जाते. घरातील लहान मूल प्रश्न विचारते, वडीलधारे उत्तर देतात. झाकलेले मडके स्मृती जपू शकत होते, मुलाच्या ‘का?’ला उत्तर देऊ शकत नव्हते.

६/ ते उत्तर विद्येने दिले. दाविद राहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने या लोकांना ओळखून तिघांना धर्मशिक्षण दिले, अशी परंपरा आहे. त्यांच्यापासून ‘काजी’ घराणी सुरू झाली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. पुढे कोचीनहून ज्यू शिक्षक आले.

७/ १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने विद्या घेतली, धर्म सोडला नाही. पेसाहची कथा सांगणारी ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी अनुवादासह छापली गेली. बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. मुलांच्या प्रश्नाला आता उत्तर होते, आणि ते मराठीत होते.

८/ १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे १९६२ च्या सुमारास मुख्य रब्बीमंडळाने इतर ज्यूंशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्या आचारांनी शतकानुशतके ज्यूपण जपले, त्यांच्यावर ग्रंथाधिकाऱ्यांनी शंका घेतली. निदर्शने झाली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले.

९/ पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा ‘मलिदा’ करून एलियाहू हनबीचे स्मरण करण्याची चाल इस्रायलमध्येही सुरू आहे. या चालीला आधार कोकणाचा आहे : एलियाहूच्या रथाच्या खुणा अलिबागजवळील खंडाळ्याच्या खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. परंपरेने स्मृती तगवली आणि विद्येने तिला वाणी दिली. एकीच्या नावाने दुसरीला हिणवले, की काय हरवू शकते, हे १९६२ च्या आदेशाने दाखवून दिले.